वाघाची शेपूट आणि वाघाचा नकार

जाळीच्या तळाशी जेमतेम वीतभर उंचीची एक फट असते. वाघ जाळीला लागून आडवा बसतो, कूस जाळीला टेकवतो आणि त्याची शेपूट त्या फटीतून बाहेर येते. बाहेर दोन माणसं असतात. एक वाघाच्या तोंडाशी. त्याच्या एका हातात टोकाला चेंडू लावलेली काठी आणि दुसऱ्या हातातल्या लांब चिमट्यात मांसाचा तुकडा. दुसरा शेपटीपाशी गुडघे टेकून बसलेला, हातात बारीक सुई. शेपटीच्या कडेने एक शीर जाते. केस ओले करून बाजूला सारले की ती बोटाला लागते. सुई आत जाते. वाघाचा कान मागे वळतो, शेपटीचं टोक किंचित उचललं जातं. शिट्टी वाजते, मांस आत सरकतं. नळीत रक्त चढतं. म्हाताऱ्या वाघाची मूत्रपिंडं कशी चालली आहेत हे कळायला तेवढं पुरतं.

एखाद्या दिवशी मात्र सुई टेकताच वाघ उठतो आणि सरळ आतल्या कोपऱ्यात निघून जातो. चांगला प्रशिक्षक तेव्हा त्याला दरडावत नाही, दार अडवत नाही, मांसाचा मोठा तुकडा दाखवून मागे लागत नाही. सुईला टोपण लागतं. त्या दिवसापुरतं काम संपतं आणि वाघाचं संध्याकाळचं जेवण ठरल्या वजनाचंच मिळतं.

कैदेतल्या वाघ-सिंह-बिबट्यांना शिकवावं की नाही, हा वाद शंभर-सव्वाशे वर्षं चालू आहे. त्यात सर्कशीचे डेरे आहेत, राजांचे शिकारखाने आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत आणि आता पशुवैद्यांच्या सुयाही आहेत. या सगळ्याकडे पाहताना मला तो उठून जाणारा वाघच महत्त्वाचा वाटत आला आहे. त्याला उठून जाता येतं का आणि गेल्यावर त्याचं काय होतं, यावर बाकीचं बरंच ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करू. प्राणिसंग्रहालयातला वाघ ‘न शिकवलेला’ कधीच नसतो. आपल्याकडच्या कुठल्याही संग्रहालयात संध्याकाळी जाऊन पाहा. वेळ झाली की मागच्या खोल्यांची दारं सरकतात, आत मांस पडल्याचा आवाज येतो आणि दिवसभर झुडपामागे दिसेनासा झालेला वाघ आपसूक आत जातो. त्याला कोणी शिकवलं? रोजच्या त्याच वेळेने, त्याच आवाजाने आणि पोटातल्या भुकेने. त्याला वळण लागलेलं आहे, आणि तेही बहुतेक वेळा माणसाच्या सोयीचं. शिकवायचंच नाही असं ठरवलं तरी शिकवणं थांबत नाही, ते फक्त अजाणता आणि आंधळेपणाने होत राहतं.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, ‘माणसाळणं’. माणसाची भीती जाणं, माणूस जवळ असण्याची सवय होणं. शिकवणं आणि माणसाळवणं या दोन गोष्टी आपण सहज एकमेकींत मिसळतो, आणि इथेच घोटाळा होतो. जाळीआडून शेपूट देणारा वाघ माणसाळलेला असेलच असं नाही. जाळी काढली तर काय होईल हे त्या दोघा माणसांना पक्कं ठाऊक असतं. उलट पूर्ण माणसाळलेल्या प्राण्याचं बरं चाललेलं असतं, असंही नाही. याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच इतिहासात आहे.

मोगलांच्या आणि पुढे संस्थानिकांच्या पदरी शिकारी चित्ते असत. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या काळापासून चित्त्यांकरवी काळवीटाची शिकार होई. हिंदुस्थानातले चित्ते संपत आल्यावर आफ्रिकेतून आणले गेले. त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते, त्यांचा चित्तेखाना होता. चित्ता पकडायचा तो मोठा झालेला, आईकडून शिकार शिकलेला. मग त्याला दोरांनी जखडून ठेवायचं, डोळ्यांवर टोपी चढवायची, त्याच्या आसपास माणसांची सतत बोलणी चालू ठेवायची, म्हणजे माणसाचा आवाज त्याच्या अंगवळणी पडेल. शिकार साधली की लाकडी पळीतून ताजं रक्त द्यायचं आणि तो ते चाटत असताना अलगद टोपी पुन्हा चढवायची. अबुल फजल लिहितो की पूर्वी ज्या कामाला दोन-तीन महिने लागत ते अकबराच्या देखरेखीखाली अठरा दिवसांत होऊ लागलं. हे चित्ते खाटेला बांधलेले असत, बैलगाडीतून रानात जात, माणसाच्या हातून खात. याहून माणसाळलेलं मार्जारकुळातलं मोठं जनावर जगात झालं नसेल.

पण ते कैदेत वीत नसत. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की वडिलांनी हजारभर चित्ते जमवले, नर-मादी बागांमध्ये सोडूनही पाहिले, पण जमलं नाही. मग जहांगीराच्या कारकिर्दीत एक नर गळ्यातला पट्टा निसटवून मादीपाशी गेला, आणि अडीच महिन्यांनी तिला तीन पिल्लं झाली. कैदेतल्या चित्त्याच्या पिलांची ही नोंद १६१३ सालच्या सुमाराची आहे. त्यानंतरची खात्रीशीर नोंद येते ती थेट १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातून. मधल्या साडेतीनशे वर्षांत दरबारात लागणारा प्रत्येक चित्ता रानातून उचलावा लागला, आणि आपल्या देशातून चित्ता नाहीसा होण्यामागे हेही एक कारण होतं.

ती एकुलती एक वीण पट्टा निसटल्यामुळे झाली, हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. शिकलेला, आज्ञा पाळणारा, हातून खाणारा प्राणी सुखात आहे असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. त्याचं शरीर मात्र वेगळंच सांगत असतं.

सर्कशीचा भाग मराठी वाचकाला नवा नाही. पहिली भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे आपले. पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे तर पुढे अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत वाघ, बिबटे, काळे बिबटे घेऊन उभे राहिले, आणि त्यांचं ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे आत्मकथन कितीतरी घरांतल्या मुलांनी वाचलं. मीही वाचलं, आणि त्या वयात मलाही रिंगमास्तर व्हायचं होतं. धोत्रे ज्यांच्याबरोबर अमेरिकेत गेले ते फ्रेंच प्रशिक्षक आल्फ्रेड कूर चाबूक-खुर्चीच्या झटापटीपेक्षा धीराने शिकवण्यासाठी ओळखले जात. त्याही आधी हॅम्बुर्गचे कार्ल हागेनबेक यांनी मारझोडीऐवजी बक्षिसाने शिकवण्याचा पुरस्कार केला होता. गज काढून टाकून खंदकांआड प्राणी ठेवणारं उद्यान १९०७ मध्ये उघडणारेही हेच हागेनबेक. आजचं मोकळं दिसणारं प्राणिसंग्रहालय आणि आजचं मायेचं प्रशिक्षण, दोन्ही एकाच माणसाच्या हातून पुढे आली. हा माणूस रानातून हजारो प्राणी पकडून विकणारा व्यापारी होता आणि दूरदेशींच्या माणसांनाही तिकीट लावून प्रदर्शनात मांडत होता, हे विसरून चालणार नाही. पद्धत सौम्य असली म्हणजे हेतू स्वच्छ असतो असं नाही.

रिंगणात नेमकं काय घडतं हे स्वित्झर्लंडचे हाइनी हेडिगर यांनी शास्त्राच्या भाषेत मांडलं. बर्न, बाझल आणि झुरिक या तिन्ही शहरांच्या संग्रहालयांचे ते प्रमुख होते. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं. माणूस त्याच्या आत आला की जनावर मागे सरतं. आणखी आत आला आणि मागे सरायला जागा उरली नाही की ते अंगावर येतं. रिंगमास्तर त्या दोन वर्तुळांच्या काठावर पावलं टाकत असतो. एक पाऊल पुढे, वाघ स्टुलावर चढतो. एक पाऊल मागे, वाघ उतरतो. प्रेक्षकांना दिसतो तो हुकूम. वाघाच्या बाजूने ते कोंडीतून सुटण्याचे प्रयत्न असतात. मारहाण एकदाही झाली नाही तरी त्या खेळाचं इंधन भीतीच असतं. असं असूनही हेडिगर प्रशिक्षणाच्या विरुद्ध नव्हते. कैदेतल्या जनावराला ना शिकार, ना हद्द राखणं. त्याच्या रिकाम्या दिवसाला काही काम हवं आणि नीट शिकवणं हे असं काम होऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आजही शिकवण्याच्या बाजूने बोलणारे बरेचसे याच वाटेने येतात.

भारतात या वादाचा एक तुकडा कायद्याने तोडला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम २२ केंद्र सरकारला काही प्राण्यांना खेळासाठी शिकवण्यावर आणि दाखवण्यावर बंदी घालण्याचा अधिकार देतं. १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये अधिसूचना निघाली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्यावर बंदी आली. सर्कसवाले न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बंदी कायम ठेवली. सर्कशींतले वाघ-सिंह मग विशाखापट्टणम, तिरुपती, बन्नेरघट्टा अशा ठिकाणच्या निवारा केंद्रांत गेले.

याच कायद्याचं कलम २७ मात्र फार कमी लोकांनी वाचलेलं असतं. खेळांच्या प्राण्यांबाबतची ही कलमं प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना लागू नाहीत, असं ते म्हणतं. म्हणजे तोच वाघ तंबूत असेल तर त्याला शिकवणं गुन्हा. संग्रहालयात असेल तर कायदा गप्प. १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात संग्रहालयांसाठी वेगळं प्रकरण आलं, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, प्राण्यांना डिवचण्यावर बंदी आली. ही सूट देण्यामागे संग्रहालय शिक्षण आणि शास्त्रासाठी आहे, करमणुकीसाठी नाही, हा विश्वास होता. तो विश्वास सार्थ ठरवायची जबाबदारी संग्रहालयांची आहे.

आज संग्रहालयांत जी पद्धत वापरतात तिचं मूळ वाघात नाही, डॉल्फिनमध्ये आहे. कॅरन प्रायर यांनी १९६३ मध्ये हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिन शिकवायला सुरुवात केली. डॉल्फिनला दावं लावता येत नाही, लगाम घालता येत नाही, चाबूक मारता येत नाही. नकोसं झालं की तो नुसता दूर पोहत जातो. म्हणून मग त्याने बरोबर केलं त्याच क्षणी शिट्टी आणि शिट्टीमागोमाग मासा, एवढंच हत्यार उरलं. या पद्धतीचा सौम्यपणा माणसाच्या दयाळूपणातून आला नाही. शिकणाऱ्याला निघून जाता येत होतं म्हणून शिकवणाऱ्याला सौम्य व्हावं लागलं. हीच पद्धत पुढे कुत्र्यांकडे, घोड्यांकडे आणि जाळीआडच्या वाघाकडे आली. काठीच्या टोकाच्या चेंडूला नाक लावणं हा पहिला धडा. त्यातून वजनकाट्यावर उभं राहणं, तोंड उघडून दात दाखवणं, पंजा जाळीला लावणं, मांडी टेकवून इंजेक्शन घेणं, प्रवासाच्या पेटीत स्वतःहून जाऊन बसणं.

हे नसतं तेव्हा काय असतं, हे जनतेला दिसत नाही. आजारी वाघाला तपासायचं तर एक तर सरकत्या भिंतीचा दाबपिंजरा, ज्यात भिंत पुढे ढकलत त्याला हलता येणार नाही इतकं आवळायचं. नाहीतर भूल. झायलाझिन आणि केटामिन भरलेली सुई फुंकनळीने किंवा बंदुकीने मारायची, तो कोसळेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा उठेपर्यंत जीव मुठीत धरायचा. भुलीत उलटी होऊ शकते, शरीराचं तापमान ढासळू शकतं, म्हाताऱ्या मूत्रपिंडांना ती पेलत नाही. ज्याला सगळ्यात जास्त तपासण्या लागतात त्या म्हाताऱ्या जनावरालाच तिचा धोका सर्वांत जास्त. शिवाय ते विसरत नाही. पशुवैद्य लांबून दिसला, नुसता आवाज आला, तरी गुरगुरणारे वाघ-बिबटे प्रत्येक संग्रहालयात असतात.

२०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या नेहरू प्राणी उद्यानात आठ सिंहांना कोविड झाल्याचं उघड झालं. जूनमध्ये चेन्नईजवळच्या वंडलूरला सिंह आजारी पडले आणि नीला नावाची सिंहीण गेली. त्याच वर्षी जुलैत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या संग्रहालयात जिंजर आणि मॉली या वाघिणींना कोविडची लस मिळाली, जाळीआडून आणि भूल न देता, कारण इंजेक्शनसाठी कूस टेकवणं त्या आधीच शिकल्या होत्या. आपल्या दारात पुढचा आजार आला तेव्हा आपण कुठे होतो? २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. प्रशिक्षण असतं तर ते वाचले असते असा दावा मी करणार नाही. तो आजार फार झपाट्याने मारतो. पण अशा वेळी मागे उरलेल्या प्राण्यांचे नमुने घ्यावे लागतात, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. ते आवळून घ्यायचे की शेपूट पुढे करायला शिकवून घ्यायचे, याची तयारी आजाराच्या कितीतरी महिने आधी व्हावी लागते.

इथवर वाचून शिकवणं सरळ सरळ चांगलं आहे असं वाटेल. माझंही मत त्याच बाजूला झुकतं. पण विरुद्ध बाजूचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला मुद्दा संमतीचा. वाघ ‘स्वेच्छेने’ शेपूट देतो असं संग्रहालयं म्हणतात. ज्याचं जेवण, दार, झोपायची जागा, जोडीदार, सगळं दुसऱ्याच्या हातात आहे त्याची स्वेच्छा कसली? मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. त्या दिवशी जाळीशी आलेला वाघ शिकायला आला की खायला? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर आहे. रोजचं मांस कामावर अवलंबून नसावं, शिकवताना दिलेला तुकडा वरचा असावा, सत्र काही मिनिटांचंच असावं आणि मागे जायला दार उघडं असावं. भुकेच्या जोरावर घेतलेल्या होकाराला होकार म्हणू नये.

दुसरा मुद्दा ‘त्यांना काम आवडतं’ या दाव्याचा. फुकटचं अन्न समोर असतानाही कष्टाने मिळवलेलं अन्न खाणारे प्राणी असतात. ग्लेन जेन्सन यांनी १९६३ मध्ये उंदरांत हे दाखवलं आणि नंतर अनेक जातींत ते दिसलं. प्रशिक्षणाचे समर्थक याचा दाखला नेहमी देतात. पण २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात घरच्या मांजरांवर प्रयोग झाला तेव्हा बहुतेक मांजरांनी सरळ फुकटचं ताट पसंत केलं. मांजराचं कुळ दबा धरून, शक्ती राखून जगणारं. वाघाला काम हवंच असतं हे आपण कुत्र्यावरून आणि माणसावरून ठरवतो, ते प्रत्येक वाघापाशी पुन्हा तपासून पाहायला हवं.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की रानात ज्यांची हद्द जितकी मोठी, ते मांसाहारी कैदेत तितक्या जास्त येरझाऱ्या घालतात आणि त्यांची तितकी जास्त पिल्लं मरतात. ध्रुवीय अस्वलाचं नेहमीचं आवार त्याच्या रानातल्या लहानात लहान हद्दीच्या दशलक्षांश भागाइतकं भरलं. हे अंतर दिवसातल्या दहा मिनिटांच्या शिट्टीने भरून निघत नाही. लहानपणी पाहिलेला एक वाघ मला अजून आठवतो. सात पावलं, वळण, सात पावलं, वळण. फरशीवर त्याच्या वळण्याच्या जागी गुळगुळीत चकाकी आली होती. त्या वाघाला पंजा दाखवायला शिकवून त्याचा फोटो संग्रहालयाच्या भिंतीवर लावला असता, तर ती फसवणूक झाली असती. प्रशिक्षण आवाराच्या जागी येऊ शकत नाही, झाडांच्या, पाण्याच्या, लपायच्या जागेच्या जागी येऊ शकत नाही. कैदेचं समर्थन म्हणून तर मुळीच नाही.

आणि प्रेक्षकांपुढचं शिकवणं? सिनसिनाटीच्या संग्रहालयातली सारा ही मादी चित्ता २०१२ मध्ये खोट्या सावजामागे शंभर मीटर ५.९५ सेकंदांत धावली. धावणं चित्त्याच्या अंगातलं आहे, तिथे कोणी त्याला दोन पायांवर उभं करत नाही. तेवढ्यापुरतं मी ते मान्य करते, टाळ्यांचा आवाज नकोसा वाटला तरी. पण त्याच वाटेवर पुढे थायलंडचं ‘टायगर टेंपल’ होतं, जिथे पर्यटक वाघांना कुरवाळत फोटो काढत. २०१६ मध्ये छापा पडला तेव्हा शंभराहून जास्त वाघ बाहेर काढावे लागले आणि शीतकपाटात ४० मेलेली पिल्लं सापडली. बछड्यांना बाटलीने दूध पाजायला देऊन पैसे कमावण्याच्या अमेरिकेतल्या धंद्याला २०२२ च्या अखेरीस कायद्याने आळा घातला. तिथे बछडा पिल्लू असेपर्यंतच कामाचा असे, म्हणून सतत नवी पिल्लं लागत. जे शिकवण्यातून प्राण्याला काहीच मिळत नाही, फक्त पाहणाऱ्याला मिळतं, ते सर्कशीतच मोडतं, दारावर पाटी काहीही असो. आणि माणसाने जाळीच्या आत जाऊन शिकवणं तर कुठल्याच कारणाने नको. लास वेगासचे जादूगार रॉय हॉर्न यांना २००३ मध्ये ज्या मँटाकोर वाघाने मानेला धरलं, तो वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर रंगमंचावर उभा राहत आला होता.

आता आपल्या घरचं. जेनिस वाझ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये देशातल्या सहा संग्रहालयांतले ४१ वाघ आणि २१ बिबटे अभ्यासले, त्यांच्या येरझाऱ्या मोजल्या, विष्ठेतली ताणाची संप्रेरकं तपासली. मोठी, पाणी-दगड-झाडं-गुहा असलेली आवारं असतील तिथे ताण कमी दिसला. आणि दोन्ही जातींत आणखी एका गोष्टीने फरक पडला, ती म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाची वृत्ती. एवढा खर्च, एवढ्या निविदा, काचेच्या एवढ्या भिंती, आणि शेवटी वाघाचा ताण खाली आणतो तो खाकी कपड्यांतला कीपर. तोच कीपर आपल्याकडे अनेक ठिकाणी कंत्राटावर असतो, दर काही महिन्यांनी बदलतो, त्याला धुण्या-झाडण्यापलीकडचं शिक्षण क्वचित मिळतं. वाघ शिट्टीला शिकतो हे खरं, पण ती शिट्टी रोज तोच माणूस, तशीच, त्याच क्षणी वाजवणार यावर ते सगळं उभं असतं. माणूस बदलला की महिन्यांचं काम पाण्यात. नगरपालिकांच्या अर्थसंकल्पात नव्या प्राण्यासाठी पैसे निघतात. कायम कीपरच्या पदासाठी निघत नाहीत. प्रशिक्षणाच्या नीतीचा आपल्याकडचा पहिला प्रश्न इथेच आहे.

सगळ्यांना शिकवावं असंही नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात उसाच्या शेतांतून, विहिरींतून, फासांतून आलेले बिबटे आहेत. ऊसतोडीत सापडलेले बछडे वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेची माणसं रात्री त्याच शेतात पेटीत ठेवून आईची वाट पाहतात. तिथे कमीत कमी हाताळणं हेच कौशल्य. ज्याला रानात परत जायचंय त्याने माणसाच्या शिट्टीला मांस जोडायला शिकणं म्हणजे त्याच्या जिवावर बेतणं, आणि गावातल्या कोणाच्या तरी जिवावरही. आणि जो मोठेपणी पकडला गेला, आता कधीच सुटणार नाही, माणूस दिसला की आडोशाला जातो, त्याचं काय? त्याला आधी आडोसा द्यावा. दार आणि पेटी एवढं शिकला तरी पुरे. त्याची भीती घालवून आपल्याला समाधान मिळेल, पण ती भीती हीच त्याच्यापाशी उरलेली रानाची एकमेव गोष्ट असेल, तर ती काढून घेण्याचा हक्क आपल्याला नाही.

पुढच्या वेळी राणीच्या बागेत, कात्रजला, गोरेवाड्याला किंवा कुठेही जाल आणि वाघाला जाळीशी बोलावताना पाहाल, तर टाळ्या वाजवू नका, मुलांना ओरडू देऊ नका. काम आटोपलं की कीपरला नाव विचारा, किती वर्षं या वाघापाशी आहात ते विचारा. मग विचारा, “आज हा आला नसता, तर तुम्ही काय केलं असतं?” उत्तर नीट ऐका, आणि घरी आल्यावर नगरसेवकाला त्या कीपरच्या नोकरीबद्दल एक पत्र लिहा.